चौथीच्या वर्गात शाकुंतल: शब्दकोड्यांनी नाटक शिकवता येतं का?

खडूचा_तुकडा

मी चौथीला शिकवते. यंदा डोक्यात आलं की मुलांना जुन्या नाटकांची थोडी ओळख करून द्यावी. अख्खं नाटक नाही, गोष्ट आणि त्यातले दोन-तीन प्रवेश. सुरुवात कालिदासाच्या शाकुंतलापासून केली. तीन दिवस गोष्ट सांगितली, मुलं छान रमली. मग मला जरा जास्तच उत्साह आला. उजळणी म्हणून १२ गुणिले १२ चौकोनांचा शब्दशोध तयार केला आणि त्यात १५ शब्द लपवले: शकुंतला, दुष्यंत, कण्व, दुर्वास, अंगठी, हरीण, आश्रम वगैरे.

वर्गात अशी शांतता पसरली की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. २० मिनिटांत बहुतेकांचे १५ पैकी १५. मी खूश. वह्या गोळा करताना सहज विचारलं, "दुष्यंत शकुंतलेला ओळखत कसा नाही?" ३८ चेहरे माझ्याकडे बघतायत. शेवटी एकीने हात वर केला.

"बाई, दुष्यंत तिरपा होता. खालून वर."

तेव्हापासून विचार करतेय. कोडं मुलांना आवडलं यात शंका नाही, पण त्या २० मिनिटांत नाटक कुठेच नव्हतं. कोणी असं काही करून पाहिलंय का? कुठल्या प्रकारची कोडी खरंच उपयोगी पडतात? का हा नादच सोडू?

मागचा_बाक

तिरपा दुष्यंत!! पाचव्या अंकात तो तिच्याशी तिरपाच वागतो, त्यामुळे त्या मुलीला पूर्ण मार्क द्या.

कोडेबाज

ताई, नाद सोडू नका, फक्त कोडं बदला. शब्दशोध हे डोळ्यांचं काम आहे. 'दुष्यंत'च्या जागी 'फुलपाखरू' लपवलं असतं तरी मुलांनी तेवढ्याच आनंदाने शोधलं असतं. शोधणाऱ्याला शब्द आधीच दिलेला असतो, मग तो गोष्टीकडे कशाला वळेल?

आडव्या-उभ्या शब्दांच्या कोड्यात शब्द दिलेला नसतो, क्लू असतो. सगळी गंमत क्लूमध्ये आहे. "शकुंतलेचा पती (३)" हा वाईट क्लू, कारण तो पाठांतर तपासतो. "पाहुणा आला, हाक मारली, कोणी लक्ष दिलं नाही, मग जे बोलला ते साऱ्यांना महागात पडलं (३)" हा क्लू सोडवायचा तर दुर्वासाच्या शापाचा प्रसंग, ज्यामुळे दुष्यंत शकुंतलेला विसरतो, डोळ्यांसमोर आणावाच लागतो. माझा साधा नियम आहे: क्लूमध्ये पात्राचं नातं सांगू नका, त्याने काय केलं ते सांगा. नाटक कृतीचं असतं, क्लूही कृतीचा हवा.

बसल्या बसल्या एक छोटं जाळं जुळवलं. 'शकुंतला' आडवी (श-कुं-त-ला). तिच्या 'त'वर संपणारा 'दुष्यंत' उभा (दु-ष्यं-त). दुष्यंताच्या 'दु'पासून 'दुर्वास' आडवा (दु-र्वा-स). आणि दुर्वासाच्या 'स'पासून 'सर्वदमन' उभा (स-र्व-द-म-न), म्हणजे शकुंतलेचा तो सिंहाचे दात मोजणारा मुलगा. चार शब्दांत चौघं महत्त्वाचे आले.

जोडाक्षर

कोडेबाज, कागदावर मांडून पाहिलंत का? सर्वदमनचा 'द' तिसऱ्या ओळीत येतो, आणि तिसऱ्या ओळीत 'शकुंतला'ही आहे. 'ला'ला चिकटून 'द'. म्हणजे आडवं वाचलं की 'शकुंतलाद'.

मागचा_बाक

प्रल्हादाची बहीण.

कोडेबाज

😀 दंडवत. मनातल्या मनात मांडलं त्याची शिक्षा. आता 'स'पासून खाली दोनच घरं मोकळी राहतात. सर्वदमन काढावा लागणार, जिवावर येतंय.

दोन_वेण्या

'सखी' बसेल ना? क्लू: "फुलं वेचता वेचता शाप ऐकला, पण जिच्यासाठी होता तिला सांगितला नाही." अनसूया आणि प्रियंवदा दोघींनाही लागू पडतं.

■ ■ दु र्वा स
■ ■ ष्यं ■ खी
श कुं त ला ■

कोडेबाज

बसला! आणि क्लू माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यांनी शकुंतलेला का सांगितलं नाही, हा प्रश्न वर्गात आपोआप निघेल.

खडूचा_तुकडा

अरे वा, धागा टाकून तासाभरात कोडं तयार! एक अडचण. मी शब्दशोध एका फुकट संकेतस्थळावर बनवला होता, तिथे मात्रा आणि अनुस्वार वेगळ्या चौकोनांत गेले. 'शकुंतला'ची सात घरं झाली. शेवटी सगळं हाताने केलं. इथे घर कशाला धरायचं?

जोडाक्षर

संगणकाच्या हिशोबाने 'शकुंतला'मध्ये सातच चिन्हं आहेत: श, क, उकार, अनुस्वार, त, ल, काना. रोमन लिपी डोक्यात ठेवून केलेली साधनं चिन्हं मोजतात. २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विनने 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं शब्दकोडं छापलं तेव्हा एक घर म्हणजे एक लेटर हा हिशोब सरळ होता. आपल्याकडे घर म्हणजे अक्षर: व्यंजन किंवा जोडाक्षर, त्याच्या स्वरासह आणि अनुस्वारासह. तोंडाने सावकाश म्हणा, जेवढे तुकडे पडतील तेवढी घरं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, 'द' आणि 'दा' वेगळी. सर्वदमनचा 'द' प्रियंवदेच्या 'दा'ला जुळत नाही. काही जण मात्रा सोडून देतात, पण लहान मुलांसाठी मी ते करणार नाही, त्यांची ऱ्हस्व-दीर्घाची लढाई आधीच चालू असते. दुसरी, लेखनाची एकच पद्धत धरा. 'शकुन्तला' असं लिहिलंत तर तिसऱ्या घरात 'न्त' येतो. 'दुष्यन्त'शी तो जुळेल, 'भरत'शी जुळणार नाही. मुलं असल्या ठिकाणी बरोबर पकडतात.

प्रॉम्प्टर

सगळ्यांची माफी मागून जरा वेगळं बोलतो. नाटक तोंडाने बोलायची, अंगाने करायची गोष्ट आहे. तुम्ही ते पेन्सिलीने चौकोनात कोंबताय. शाळेत कविता जशी 'समानार्थी शब्द लिहा'मध्ये मेली, तसं शाकुंतल 'आडवे शब्द, उभे शब्द'मध्ये मरेल. मुलांना उभं करा, बोलू द्या. कोडी कशाला हवीत?

कोडेबाज

प्रॉम्प्टरकाका, ३८ मुलं आहेत. सगळ्यांना एकदम उभं करून बघा.

प्रॉम्प्टर

केलंय. गोंगाट होतो. होऊ द्यावा.

बरं, नुसता विरोध नको, करता येण्यासारखं सांगतो. सहाव्या अंकाच्या सुरुवातीला कोळ्याचा छोटा प्रसंग आहे. माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडलेला गरीब कोळी, त्याला चोर ठरवून दटावणारे दोन शिपाई, सूचक आणि जानुक, आणि त्यांचा वरिष्ठ, जो राजाचा मेहुणा आहे. शिपायांचे हात कोळ्याला मारायला शिवशिवत असतात. वरिष्ठ अंगठी घेऊन राजाकडे जातो आणि परत येतो तो बक्षीस घेऊन. कोळी त्यातलं अर्धं शिपायांना देऊन टाकतो, की लगेच सगळे जिवलग मित्र! मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. वर्गातले मॉनिटर त्यांनी पाहिलेले असतात.

याचे सोप्या मराठीत दहा-बारा संवाद लिहा, एकेका पट्टीवर एकेक. बोलणाऱ्याचं नाव लिहू नका. पट्ट्या पिसून चार-चार मुलांच्या गटाला द्या. कोण बोललं आणि कशानंतर बोललं ते त्यांनी ठरवायचं. मात्र उत्तर लिहायचं नाही, करून दाखवायचं. 'चोर कुठला!' ही पट्टी वरिष्ठ परत आल्यानंतर लावली तर तोंडाने म्हणताना मुलांना स्वतःलाच चूक कळते. हे तुमच्या व्याख्येत कोडं असेल तर माझी हरकत नाही.

तिसरी_घंटा

प्रॉम्प्टर, हेच तर कोडं!

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं आहे, अधूनमधून मुलांची शिबिरं घेते. गोष्टीच्याही आधी मी नाटकाचे शब्दच कोड्यात टाकते, कारण आपल्या भाषेत ते शब्द मुळात श्लेषाचेच आहेत.

नदीचं रुंद, जेवणाचं रिकामं, नाटकातलं बोलकं. (पात्र)

शाळेत वर्षाला एकदा मिळतो, नाटकात पुन्हा पुन्हा होतो. (प्रवेश)

वहीत असतो, आईच्या मांडीवर असतो, शाकुंतलात सात वेळा येतो. (अंक)

तिसऱ्याला मुलं अडतात, कारण अंक म्हणजे मांडी हे त्यांना माहीत नसतं. सांगितलं की कायमचं लक्षात राहतं. 'नेपथ्य' शब्दही मजेचा. जुन्या नाटकात "नेपथ्ये" असं लिहिलं की आवाज पडद्यामागून येतो, तिथे नट सजायचे. आज आपण नेपथ्य म्हणतो ते प्रेक्षकांसमोर उभं असतं. एकच शब्द पडद्याच्या मागून पुढे आला.

आणि भरत! रामाचा भाऊ भरत, शकुंतलेचा मुलगा भरत (तोच सर्वदमन), नाट्यशास्त्र सांगणारा भरतमुनी. नाटकाच्या शेवटी येतं ते भरतवाक्य. शिबिरात मी विचारते, हे वाक्य तिघांपैकी कुठल्या भरताचं? शाकुंतल नुकतंच ऐकलेली मुलं हमखास फसतात. वाक्य नटांचं, भरतमुनींच्या परंपरेतल्या नटांनी म्हटलेलं.

दोन_वेण्या

एक विनंती, शिक्षक वाचत असतील म्हणून. माझ्या लेकीला वाचायला त्रास होतो, अक्षरं जागा बदलतात असं ती म्हणते. उलटे आणि तिरपे शब्द लपवलेला शब्दशोध घरी आला की आमच्याकडे रडारड. त्यात वेळ लावलेला असला तर विचारूच नका. ती गोष्ट उत्तम सांगते, पण कोड्यात शून्य. अशा मुलांसाठी जाड पुठ्ठ्याचे अक्षरांचे तुकडे द्या. हातात धरून हलवता येतात, चूक खोडावी लागत नाही. 'व', 'सं', 'त', 'से', 'ना' असे पाच तुकडे दिले तर ती 'मृच्छकटिक' नाटकाची नायिका वसंतसेना जुळवते आणि वर तिची गोष्टही सांगते.

खडूचा_तुकडा

हे मला सुचायला हवं होतं. माझ्या वर्गातही असे दोघं-तिघं आहेत आणि शब्दशोधाच्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याचं बघून गोल केले, ते मी पाहिलं आणि काही बोलले नाही. तुकडे आजच कापते.

जोडाक्षर

आतापर्यंत आपण सगळे नाटकावर बाहेरून कोडी लावतोय. उलट बाजूने बघू. काही जुन्या नाटकांचा कणाच कोडं असतो. तिथे शिक्षकाला काही बनवावं लागत नाही, फक्त उत्तर घाईने सांगायचं नाही.

भासाचा 'मध्यमव्यायोग' घ्या. एकाच अंकाचं नाटक, चौथीला अगदी योग्य. (भासाची म्हणून ओळखली जाणारी १३ नाटकं टी. गणपतिशास्त्रींना सापडली आणि १९१२ पासून छापून आली, तोवर ती विस्मरणात गेली होती.) एक ब्राह्मण बायको आणि तीन मुलांसह रानातून चाललाय. घटोत्कच वाट अडवतो: माझ्या आईला उपासाच्या पारण्यासाठी माणूस हवाय, एक जण द्या. थोरला बापाचा लाडका, धाकटा आईचा लाडका. उरतो मधला. तो म्हणतो, जातो, पण आधी पाणी पिऊन येतो. त्याला वेळ लागतो. घटोत्कच हाक मारतो, "मध्यमा! लवकर ये!" आणि जवळच व्यायाम करणारा भीम ओ देतो. कारण तोही मधला. आणि घटोत्कच ज्याला ओळखत नाही तो त्याचा बापच!

एका शब्दाला दोन मालक, त्यावर अख्खं नाटक. हाकेपाशी थांबा आणि वर्गाला विचारा: रानात आणखी कोण 'मधला' असेल?

दुसरं 'मुद्राराक्षस'. अख्खं नाटक चौथीला जड आहे, राजकारण फार. पण शीर्षक द्या आणि राक्षसाचं चित्र काढायला सांगा. शिंगं, सुळे, सगळं येईल. मग क्लू द्या: "शिंगं नाहीत, सुळे नाहीत, धन्याशी मात्र शेवटपर्यंत इमानी (३)." राक्षस हे नंदांच्या अमात्याचं नाव, आणि चाणक्याची सगळी धडपड या इमानी माणसाला चंद्रगुप्ताकडे वळवण्यासाठी. मुद्रा म्हणजे त्याच्या नावाची अंगठी. दोन नाटकं, दोन अंगठ्या. एक आठवण परत आणते, दुसरी माणसाला अडकवते.

तिसरी_घंटा

आणि मृच्छकटिकातला खलनायक शकार! 'स'च्या जागी 'श' म्हणतो, म्हणून शकार. "वशंतशेने, थांब!" शिवाय पुराणातली नावं भलत्यालाच जोडतो. एके ठिकाणी म्हणतो, रामाला भ्यालेल्या द्रौपदीसारखी का पळतेस? दुसऱ्या ठिकाणी हनुमानाकडून सुभद्रेला पळवतो. शिबिरात आम्ही 'शकाराची चूक पकडा' खेळतो. एकाने छाती काढून काहीतरी ठोकून द्यायचं, "भीमाने लंका जाळली!", आणि बाकीच्यांनी दुरुस्त करायचं. पुढे शकार जे करतो ते चौथीला सांगायची गरज नाही, पण त्याचं बोलणं म्हणजे मुलांना खाऊच.

मागचा_बाक

आमच्या ऑफिशात एक शकार आहेत. शगळी आकडेवारी त्यांचीच.

कोडेबाज

शेक्सपियरची दोन नाटकं यात बसतात. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये मॅल्व्होलिओला खोटं पत्र मिळतं, त्यात प्रियकराच्या नावाच्या जागी चारच अक्षरं: एम, ओ, ए, आय. चारही आपल्या नावात आहेत, म्हणून तो स्वतःला नायक समजतो. क्रम जुळत नाही, त्याला फिकीर नाही. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या तीन पेट्या, सोनं, चांदी, शिसं, आणि प्रत्येकीवर एकेक ओळ, हे तर तयार कोडंच. तीन खोकी ठेवा, ओळी मराठीत लिहा, गोष्ट सांगण्याआधी मुलांना निवडू द्या.

फक्त अक्षरांच्या करामती जशाच्या तशा मराठीत आणायला जाऊ नका. रोमन लिपीत 'व्हायोला'ची सगळी अक्षरं 'ऑलिव्हिया' आणि 'मॅल्व्होलिओ'मध्ये आहेत, छान जुळणी आहे, पण देवनागरीत लिहिलं की सगळं विस्कटतं. ती त्या भाषेची संपत्ती.

जोडाक्षर

आणि आपली संपत्ती कुठली, तर सातव्या अंकातली. मघाशी राखून ठेवली होती.

दुष्यंत मारीच ऋषींच्या आश्रमात आलाय. समोर एक दांडगा मुलगा सिंहाच्या छाव्याशी झोंबतोय. छावा सोडावा म्हणून तापसी त्याला मातीचा मोर आणून दाखवते आणि म्हणते, "सर्वदमना, शकुंतलावण्य बघ." शकुंत म्हणजे पक्षी. पक्ष्याचं लावण्य बघ, एवढंच तिला म्हणायचंय. पण मुलगा इकडेतिकडे बघतो: "कुठे आहे माझी आई?"

त्याने शब्द वेगळ्या ठिकाणी तोडला. दुष्यंताला मुलाच्या आईचं नाव तिथे कळतं.

कालिदासाने नाटकातली सर्वांत मोठी गाठ शब्दात लपलेल्या शब्दाने सोडवली आहे. खडूताई, तुमचा पहिला शब्दशोध अगदीच वाया गेला नाही. लपलेला शब्द शोधायची सवय मुलांना लागली आहे, आता फक्त योग्य शब्द द्या.

तिसरी_घंटा

अंगावर काटा. इतक्या वेळा वाचलंय, पण कोडं म्हणून कधी बघितलं नव्हतं.

प्रॉम्प्टर

हे मी मान्य करतो. मात्र फळ्यावर लिहून सोडवू नका. तापसी, मुलगा आणि दुष्यंत उभे करा. दुष्यंताला आधी काही सांगू नका.

खडूचा_तुकडा

दोन आठवड्यांनी परत येतेय. उशिराबद्दल माफ करा, चाचण्या होत्या.

सगळं जमलं असं नाही. सखीवालं छोटं कोडं चाललं. मात्र मी लोभाने त्याचं २० शब्दांचं केलं आणि ते फसलं. क्लू लांब, घरं लहान, अर्धा तास खोडरबरच चालू. आता सहा शब्दांपेक्षा जास्त नाही. कोळ्याच्या पट्ट्यांना प्रचंड गोंगाट झाला, प्रॉम्प्टरकाका, आणि मी होऊ दिला. शिपायांचं मैत्रीत येणं एका गटाने इतकं लाडीगोडीने केलं की कोणी नक्कल शिकवली की काय असं वाटावं. पुठ्ठ्याचे तुकडे मी त्या तिघांसाठीच केले होते, पण सगळ्यांनाच हवे झाले. एका अर्थी बरंच, ते कोणासाठी खास आहेत हे कळलंच नाही.

मध्यमव्यायोगात मी हाकेपाशी थांबले. रानात आणखी कोण मधला? एका मुलीने लगेच ओळखलं, भीम. त्यावर मागून आवाज: "बाई, पाच पांडवांत मधला अर्जुन. धर्म, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. मोजा." मी क्षणभर गप्प. मग ती पहिली मुलगीच म्हणाली, "कुंतीची तीनच ना? नकुल-सहदेव माद्रीचे." पुढची दहा मिनिटं वर्गात कोण कितवा यावर वाद. घरात मधली असलेली चार मुलं निघाली आणि त्या चौघांचं एकमत होतं की पाणी प्यायला गेलेल्या मुलाने परत यायलाच नको होतं.

आता सातवा अंक. काकांनी सांगितलं तसं दुष्यंताला काहीच सांगितलं नव्हतं. तापसी झालेली मुलगी मातीचा पक्षी पुढे धरून म्हणाली, "शकुंतलावण्य बघ." सर्वदमन म्हणाला, "कुठे आहे माझी आई?" आणि दुष्यंत झालेला मुलगा नुसता उभा. वर्गही गप्प. कोणाला काही लागेना. मी शेवटी न राहवून शब्द फळ्यावर लिहिला (काका, क्षमस्व). थोडा वेळ सगळे बघत राहिले. मग मागच्या बाकावरचा एक जण उठून आला आणि त्याने 'वण्य'वर तळहात ठेवला.

मला ओरडावं लागलं नाही, वर्गानेच ओरडून घेतलं. दुष्यंत मात्र त्याच्याकडे वळून म्हणाला, "थांब ना, मला कळत होतं!"

तेव्हापासून वर्गाला वेड लागलंय. दिसेल त्या नावावर हात ठेवून बघतात. वसंतसेनेत वसंत, संत, सेना. सूत्रधारात सूत्र आणि धार. घटोत्कचात 'घट' आहे की नाही यावर दोन तट पडले, कारण घर 'टो'चं आहे, 'ट'चं नाही. जोडाक्षर, तुमच्या बाजूचा तट जिंकला. आता क्लू मी लिहितच नाही, तेच लिहितात. पहिल्या दिवशीचे क्लू "राजाचं नाव (३)" असे होते, पण सोडवणाऱ्या गटाने "कुठला राजा?" म्हणून परत पाठवले, तसे सुधारत गेले.

ज्या मुलीला दुष्यंत तिरपा सापडला होता, तिचा कालचा क्लू तुमच्यासाठी. उत्तर शाकुंतलातल्या एका नावात लपलेलं आहे, घरं दोन.

"सगळ्यांना दम देतो, शेवटी काय सापडतं?"

कोडेबाज

ताई, मला पाच मिनिटं लागली. वर्षानुवर्षं कोडी करतोय, लाज वाटली.

मागचा_बाक

मला अजून लागतायत. कोणी इथे फोडू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दोन_वेण्या

लेकीला विचारलं. तिने पाच तुकडे मांडले, पहिले तीन बाजूला सारले आणि खेळायला गेली.